शांत, हवेशीर, लांब

पेठेतल्या एका जुन्या वाचनालयानं स्वारगेटला शाखा काढायचं ठरवलं आहे. ठराव एकमतानं झाला. पुण्यात ठराव एकमतानं झाला की काहीतरी ठरायचं राहिलंय हे ओळखावं. इथे जागा ठरायची राहिली होती. त्यासाठी सात जणांची जागा पाहणी समिती नेमण्यात आली. सातांतले पाच निवृत्त, एक वास्तुतज्ज्ञ आणि एक युवा प्रतिनिधी, वय वर्षं चोपन्न. वाचनालयाचं नाव विचारू नका. न सांगताही शहरातल्या चार-पाच वाचनालयांना हे आपल्याबद्दलच लिहिलंय असं वाटेल, आणि तेवढ्या एका मुद्द्यावर त्यांच्यात एकी होईल.

नवं वाचनालय काढायचं सोडून शाखाच का, असं विचाराल तर त्याला सरकारी कारण आहे. १९६७ च्या कायद्यानं राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था लागली. अ, ब, क, ड असे वर्ग पडले आणि वर्गाप्रमाणे अनुदान सुरू झालं. २०१२ मध्ये महसूल खात्यानं ग्रंथालयांची पडताळणी केली. त्यानंतर नव्यांना मान्यता देणं आणि जुन्यांना वरच्या वर्गात चढवणं, दोन्ही बरीच वर्षं बंद पडलं. अनुदानाचा आकडाही जो २०१२ ला बसला, तो थेट २०२२ मध्ये साठ टक्क्यांनी उठला. मधल्या दहा वर्षांत कागद कुठे गेला, छपाई कुठे गेली हे सगळ्यांना माहीत आहे. ग्रंथपालाचा पगार मात्र कुठेही गेला नाही, तो वेळेवर आला तरी पेढे वाटतात. असो. नवं रोप लावायला परवानगी नाही म्हटल्यावर जुन्या खोडाला फांदी फोडायची, एवढाच शाखेमागचा विचार.

समितीच्या पहिल्या बैठकीत एका सदस्यांनी रंगनाथन काढले. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम त्यांनी १९३१ मध्ये मांडले. पहिलाच नियम, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. त्याच्या विवेचनात त्यांनी जागेचा विषय घेतलाय आणि वाचनालय माणसांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर असावं, गावाच्या टोकाला नसावं, असं सांगितलंय. समितीनं हे शांतपणे ऐकून घेतलं. रंगनाथन मद्रासचे, त्यांनी स्वारगेटचा चौक संध्याकाळी साडेसहाला पाहिलेला नसणार, अशी नोंद इतिवृत्तात झाली आणि विषय संपला.

दुसऱ्या सदस्यांनी स्थानिक दाखला दिला. १८४८ मध्ये पुण्यात पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, लोकहितवादींसारख्यांच्या खटपटीनं, आणि ती होती बुधवार वाड्यात, म्हणजे भर वस्तीत. आजचं पुणे नगर वाचन मंदिर ते हेच. तेव्हाच्या लोकांना मध्यवर्ती जागेचं महत्त्व कळत होतं, मग आपल्याला का कळू नये? यावर खजिनदार एवढंच म्हणाले, "आणि १८७९ मध्ये बुधवार वाडा जळाला." मध्यवर्ती जागांना आगीचा धोका असतो, ही दुसरी नोंद झाली.

प्रत्यक्ष पाहणीसाठी रविवारी सकाळी साडेसहाची वेळ ठरली, कारण त्या वेळी स्वारगेटला गर्दी नसते. गर्दीच्या ठिकाणची जागा गर्दी नसताना पाहायची, यात समितीला काही वावगं वाटलं नाही. सात सदस्य सात दुचाक्यांवरून आले. गाड्या लावायला जागा शोधण्यात अर्धा तास गेला, म्हणून पाहणीचा पहिला निष्कर्ष जागा पाहण्याआधीच निघाला: पार्किंग नाही.

केशवराव जेधे चौकातल्या उड्डाणपुलाखाली उभं राहून अध्यक्षांनी कान टवकारले. वरून गाड्या, बाजूनं गाड्या, आणि भुयारी मार्गातून येणाऱ्या वेगळ्याच. वाचनाला शांतता लागते, असं ते म्हणाले. तरुण सदस्यांनी (चोपन्न) आठवण करून दिली की ११ डिसेंबर २०२४ ला दुपारी बारा ते एक या वेळात 'शांतता, पुणेकर वाचत आहेत' हा उपक्रम झालाच होता, पुस्तक महोत्सवाच्या निमित्तानं. शहरानं शांततेत वाचायचा तास एकदा ठरवून दिलेला असताना उरलेल्या तासांची सोय आपण का करायची? हा प्रश्न बिनतोड होता. पुलाखालची जागा रद्द.

मग सगळे सरकत्या जिन्यानं मेट्रो स्थानकात उतरले. हे भुयारी स्थानक २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झालं. खाली गेल्यावर सदस्यांची पंचाईत झाली. थंडगार हवा, लख्ख उजेड, पाय घसरेल इतकी स्वच्छ फरशी, ऐसपैस मोकळी जागा, आणि वरचा चौक ऐकूसुद्धा येत नाही. दहा मिनिटं झाली तरी एकालाही आक्षेप सुचेना. समितीच्या कारकिर्दीतली ही सर्वांत कठीण वेळ होती. शेवटी खजिनदारांनी भाड्याचा विषय काढला. मेट्रोला तिकिटाखेरीज उत्पन्न मिळवायचं असतं, त्यामुळे अशा जागा कॉफीवाल्यांना आणि मोबाइलवाल्यांना मिळतात. त्यांच्या रांगेत उभं राहून चौरस फुटाचा दर विचारायचा, तर आपलं वर्षाचं अनुदान हातात घेऊन फार तर दाराच्या चौकटीपर्यंत पोचता येईल. वास्तुतज्ज्ञांनी त्यावर कळस चढवला. "सरस्वतीला पाताळात बसवायचं?" सगळे सुटकेचा श्वास टाकून वर आले.

आता राहिलं एसटी स्थानक. तिथे खरं तर जायचंच नव्हतं. पण चहा तिथे चांगला मिळतो असं कुणीतरी म्हणालं.

रविवार सकाळ असूनही स्थानक भरलेलं होतं. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, शिवाय भोर-महाडकडचे. बारामतीच्या विनावाहक गाडीची रांग तिकीट खिडकीपासून पार वळून मागे आलेली. ध्वनिक्षेपकावर एक गाडी फलाटावर लागल्याचं सांगत होते, ती लागलेली नव्हती. लागलेल्या गाडीबद्दल कुणी काही सांगत नव्हतं. आणि बाकी सगळे थांबलेले. नुसते थांबलेले. घड्याळाकडे बघून झालं, फोनची बॅटरी संपत आली, शेजाऱ्याचं गाव, तालुका आणि आडनाव विचारून झालं, आता करायचं काय, हा प्रश्न शे-दीडशे चेहऱ्यांवर एकाच वेळी दिसत होता. पुण्यात इतकी रिकामी माणसं एका जागी दुसरीकडे फक्त लग्नात, पहिली पंगत उठायची वाट बघताना दिसतात.

फलाटाच्या कडेला एक बाई पोत्यावर बसल्या होत्या. शेजारी आठ-नऊ वर्षांची मुलगी. मुलीनं भेळ संपवली, कागद झटकला, मांडीवर सरळ केला आणि वाचायला घेतला. बातमी अर्धीच होती, उरलेली अर्धी दुसऱ्या कुणाच्या भेळीबरोबर गेली असावी. तिनं कागद उलटला. मागे एका गृहप्रकल्पाची जाहिरात: 'स्वारगेटपासून फक्त पंधरा मिनिटं!' तीही तिनं बोट ठेवून, जोडाक्षरांना अडखळत, शेवटपर्यंत वाचली. मग तेलाच्या डागाखाली काय छापलंय ते पाहायला कागद उजेडाकडे धरला. समितीच्या सचिवांनी हे बारकाईनं पाहिलं आणि वहीत लिहिलं: 'खाद्यपदार्थांचा कचरा. स्वच्छतेचा प्रश्न गंभीर.'

खांबाला टेकून एक मुलगा पोलीस भरतीचं पुस्तक वाचत होता. पुस्तक इतकं हाताळलेलं की मुखपृष्ठ चिकटपट्टीवर तगून होतं. अध्यक्षांना वाचणारा तरुण दिसल्यावर राहवलं नाही.

"कुठले तुम्ही?"

"फलटण, सर."

"इथे राहायला?"

"नाही सर, क्लास असतो. शनिवार-रविवार येऊन-जाऊन करतो. गाडी यायला तास-दीड तास जातो, तेवढ्यात एक चाचणी होते."

"इथे वाचनालय झालं तर याल?"

मुलगा समितीकडे बघत राहिला. हे लोक कशाची तरी वर्गणी मागणार, असा संशय त्याला आला असावा. तरी "येईन की" म्हणाला.

"वीजबिल आहे का पुण्यातलं?"

नव्हतं. भाडेकरार? नव्हता. दोन विद्यमान सभासदांची शिफारस? मुलाला अख्ख्या पुण्यात क्लासचे सर आणि खानावळीच्या मावशी एवढेच ओळखीचे. त्यातल्या मावशींकडे वाचनालयाचं कार्ड असायची शक्यता कमी. तो मुलगा वाचक होता, पण सभासद होऊ शकत नव्हता, आणि वाचनालय सभासदांसाठी असतं. चहा पिताना यावर चर्चा झाली. फलटणला गेलेलं पुस्तक परत कोण आणणार, हा खजिनदारांचा सवाल. अनामत घेतली तरी पुस्तकापेक्षा अनामत स्वस्त, हे त्यांनी कागदावर मांडून दाखवलं.

रंगनाथनवाल्या सदस्यांनी इथे पुन्हा तोंड उघडलं. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला, संस्थानात फुकट वाचनालयांचं जाळं विणलं आणि पुस्तकं लाकडी पेट्यांत भरून गावोगाव फिरवली. जिथे इमारत नव्हती तिथे पेटी गेली. ते सोडा, ही आजची गोष्ट: नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना २००९ पासून शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे पाठवते, त्या परदेशातही पोचल्या. आणि भिलारला मे २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं, ते तर लोकांच्या घरांत, देवळात, पडवीत पुस्तकांची कपाटं ठेवून. मग इथे फलाटावर दोन कपाटं ठेवली आणि साताऱ्याच्या स्थानकात आणखी दोन, तर इथे उचललेलं पुस्तक तिथे ठेवता येईल, एसटी तर रोज जातेच...

समितीनं त्यांना आणखी एक चहा पाजला.

आक्षेप अध्यक्षांनी घेतला आणि तो, खरं सांगायचं तर, अगदीच चुकीचा नव्हता. एसटी स्थानकाचा भरवसा नाही. शिवाजीनगरचं स्थानक ३१ डिसेंबर २०१९ ला मेट्रोच्या कामासाठी तात्पुरतं वाकडेवाडीला हलवलं. तिथल्या फलाटांवर प्रवाशांच्या पिढ्या बदलल्या, 'तात्पुरतं' काही हललं नाही. स्वारगेटचंही असं कधी होईल सांगता येत नाही. आणि या रस्त्यावर प्रयोग नकोतच. देशातला पहिला बीआरटी मार्ग डिसेंबर २००६ मध्ये याच स्वारगेट-कात्रज रस्त्यावर अवतरला होता. नव्या कल्पनांचं इथे काय होतं हे पुणेकरांनी दुभाजकासह पाहिलेलं आहे.

महापालिकेच्या जागांचा विषय फार लांबला नाही. विकास आराखड्याच्या नकाशावर वाचनालयाचं आरक्षण असलेला एक तुकडा सापडला. जागेवर जाऊन पाहिलं तर तिथे रिक्षांच्या हुडांचं काम चालू होतं, आणि मिस्त्रींनी आरक्षणाबद्दल समितीकडेच कुतूहलानं चौकशी केली. एका मंडईवर दुसरा मजला रिकामा होता, पण लिफ्ट बंद. ज्येष्ठ वाचक वर पोचेपर्यंत पुस्तक परत करायची तारीख उलटायची. पालिकेला पत्र द्यावं, असं ठरलं होतं. ते कुणाला द्यायचं यावर मात्र जुने सदस्य हळवे झाले. पूर्वी माननीय नगरसेवकांना दिलं की निदान त्यांच्या नावाची कमान तरी उभी राहायची, कमानीमागे पुढेमागे काहीतरी उगवायचं. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे बराच काळ प्रशासक. प्रशासकाच्या नावानं कमान बांधत नाहीत, त्यामुळे त्या काळात दिलेली पत्रं नुसतीच आवक क्रमांक घेऊन बसली.

शेवटी जागा मिळाली. ती शोधावी लागली नाही, हे विशेष. एका सदस्यांच्या साडूंची धायरीला एका सोसायटीत तळमजल्यावर जागा आहे, बरेच दिवस भाडेकरू मिळत नव्हता. समिती तिथेही रविवारीच गेली. सात गाड्या आरामात लागल्या. समोर कडुलिंब, मागे कोकिळा, चिटपाखरू नाही (कोकिळा सोडून). माणूस तर औषधालाही दिसेना, त्यामुळे शांतता कायमस्वरूपी राहील अशी खात्री पटली. वास्तुतज्ज्ञांनी दार पूर्वेला असल्याचं सांगितलं. एकानंही आक्षेप घेतला नाही. रंगनाथनवाले त्या दिवशी आले नव्हते, त्यांना निरोप मिळाला नव्हता.

नावाचा प्रश्न निघाला, तो घटनेच्या आधारे सुटला. मूळ ठरावात 'स्वारगेट शाखा' असं आहे. ते बदलायचं तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागते, सभेला गणसंख्या लागते आणि गणसंख्या जमली तर चहा लागतो. शिवाय पाटी, शिक्के आणि पावतीपुस्तकं छापून आलेली आहेत. त्यामुळे धायरीची शाखा 'स्वारगेट शाखा' याच नावानं ओळखली जाईल. बांधकाम व्यावसायिकांना जे चालतं ते वाचनालयाला का चालू नये, असं खजिनदार म्हणाले, आणि 'स्वारगेटपासून फक्त पंधरा मिनिटं' ही ओळ निमंत्रणपत्रिकेवर घ्यायचं एकमतानं ठरलं.

सभासदांसाठी काढलेलं परिपत्रक परवा हाती आलं. कोनशिलेवरच्या अकरा नावांचा क्रम अद्याप ठरलेला नाही, म्हणून उद्घाटनाची तारीख मोकळी ठेवली आहे. वेळ संध्याकाळी पाच ते सात, सोमवारी बंद. खाली ठळक अक्षरांत सूचना आहे: 'शाखेत येण्यासाठी स्वारगेटहून धायरीची पीएमपी मिळते. बसला वेळ लागू शकतो. तोपर्यंत वाचण्यासाठी सभासदांनी पुस्तक घरून आणावे.'