मोजा, म्बिली, तातू

अकोल्याच्या माणसाला उन्हाचं कोणी काही सांगू नये. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की आम्हाला त्रास होतो खरा, पण त्याहून जास्त अभिमान वाटतो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चंद्रपूर अर्ध्या अंशाने पुढे दिसलं तर सकाळचा चहा गोड लागत नाही. त्यामुळे टांझानियात, दार-एस-सलामच्या एका शाळेत गणित शिकवायला निघाले तेव्हा हवामानाचा विचारही मनात आला नव्हता. पोचल्यावर आईला फोन केला.

"किती हाये तिकडं?"

"बत्तीस."

"बत्तीस? मंग तं थंडीच हाये. सेटर नेलं का नाही?"

आकडा खरा होता, तरी माझी पाठ चिंब होती. आकडा खोटं बोलत नाही, असं पोरांना सांगत वीस वर्षं काढलेल्या बाईची ही पहिली फजिती. अकोल्यात घाम सुकतो आणि सुकता सुकता अंगातली उष्णता घेऊन जातो. आमचे कूलर, वाळ्याच्या ताट्या, माठ, सगळ्यांचा संसार त्या एका सुकण्यावर चालतो. हिंदी महासागराच्या काठावरच्या हवेत मुळातच इतकं पाणी असतं, की तुमचा घाम घ्यायला तिला जागा नसते. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तरीही पहिल्या शनिवारी मी खिडकीला ओली चादर बांधली, माहेरी बांधतात तशी. तासाभरात खोलीचं मोदकपात्र झालं आणि आतला मोदक मी.

कुरड्या सादळल्या, मिठाचा दगड झाला, चपलांवर हिरवी बुरशी चढली. हे जास्त रंगवून सांगत नाही. कोकणातले वाचक हसतील.

इस्त्रीचं मात्र सांगायलाच हवं. तीन पिढ्या इथेच गेलेल्या शेजारच्या गुजराती बेननी मला दोरीवर परकर वाळत घालताना पाहिलं आणि जिन्यावरूनच ओरडल्या. इथे आंब्याच्या नावाची एक माशी असते. ती दमट कपड्यांवर अंडी घालते, कपडा अंगावर चढला की अळी कातडीत शिरते आणि गळू होतं. उपाय एकच, कडक इस्त्री. साडीला, टॉवेलला, आणि जे कपडे इस्त्रीच्या लायकीचे आहेत असं आपल्याकडे कोणी समजत नाही त्यांनाही. लग्नात नवऱ्याच्या शर्टाला केली नसेल इतक्या निगुतीने मी इथे मोज्यांना इस्त्री केली आहे.

मोज्यावरून आठवलं. स्वाहिलीत 'मोजा' म्हणजे एक. पुढे म्बिली, तातू, न्ने, तानो. अंक म्हणायला सुरुवात केली की पहिलाच शब्द 'मोजा'! हिशेबाला इथे 'हेसाबू' म्हणतात. गणिताच्या बाईला आणखी काय हवं? मी खूश होते, पंखा बिघडेपर्यंत.

पंख्याला इथे पंगाबोई म्हणतात आणि दुरुस्त करणाऱ्याला फुंडी. शिंपी, सुतार, मेकॅनिक, हातात कसब असलेला कोणीही फुंडीच. आमच्या फुंडीने पंख्याकडे वैद्यासारखं पाहिलं आणि म्हणाला, "केशो, सा न्ने." उद्या, चार वाजता. इतकी स्वाहिली मला येत होती. मी शेवटचा तास दुसऱ्या बाईंना दिला आणि साडेतीनला घरी येऊन बसले. चार वाजले, पाच वाजले, अंधार पडला. मग वॉचमनने सांगितलं की फुंडी सकाळी दहाला शिडी घेऊन आला होता आणि आंब्याखाली बराच वेळ बसून गेला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दहाला आला. सुट्टी होती म्हणून मी सापडले. मी जरा तिखटच बोलले. त्याने शांतपणे मनगट पुढे केलं, दहावर आलेल्या काट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "सा न्ने." घड्याळात दहा, तोंडात चार, आणि चेहऱ्यावर तिळमात्र शंका नाही.

इथला दिवस सूर्याबरोबर सुरू होतो. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, सा मोजा. विषुववृत्त जवळ असल्याने दिवसाची लांबी वर्षभरात तासाभराच्या आतच हलते, त्यामुळे हा हिशेब बाराही महिने बसतो. अकोल्यात हिवाळा-उन्हाळ्यात दोन-अडीच तासांचा फरक पडतो. पण मला हसायचा अधिकार नव्हता. माझे आजोबा पंचांग उघडून सूर्योदयापासूनच घटका मोजत. २४ मिनिटांची एक, दिवसरात्र मिळून ६०. भिंतीवर किल्लीचं घड्याळ टिकटिकत असे आणि आजोबा त्याच्याकडे न बघता "अजून तीन घटका आहेत" म्हणत. त्यांना फुंडीचं बोलणं एका वाक्यात कळलं असतं.

वर्गात विचारलं तर पोरं इंग्रजीत "टेन" म्हणाली आणि स्वाहिलीत "न्ने". गोंधळ फक्त फळ्याजवळ उभ्या असलेल्या बाईंचा. शेवटच्या बाकावरच्या एकीने युक्ती दिली: काट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचा. बारा तासांच्या वर्तुळात सहा मिळवा की वजा करा, एकाच जागी पोचता. पुढच्या आठवड्यात घड्याळी अंकगणिताचा पाठ मी त्यावरच घेतला. भारत इथून अडीच तास पुढे, त्यामुळे आईला फोन करायचा तर मला तीन घड्याळं सांभाळावी लागतात.

भाजीवालीसुद्धा मला 'म्वालिमू' म्हणते, म्हणजे शिक्षक. हा मान लहान नाही. पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांना देश याच नावाने ओळखतो. पोरं दिसली की "शिकामू" म्हणतात. मी आधी ते 'शिका' असं ऐकलं आणि या वयात सारखं काय शिका, म्हणून वैतागले. अर्थ कळला तो 'पाय धरतो' असा. उत्तरात "मराहाबा" म्हणायचं. आता न चुकता म्हणते, बजाजीत बसल्या बसल्यासुद्धा. बजाजी म्हणजे रिक्षा. नाव कुठून आलं ते पुणेकरांना सांगायला नको.

जूनपासून इथे वर्षातले सगळ्यात गार दिवस सुरू होतात. पहिल्या जूनला पोरं स्वेटर घालून आली, वॉचमनने लोकरी टोपी चढवली, आणि पारा पाहते तर पहाटेसुद्धा २०च्या आसपास. त्या दिवशी फोनवर आई आणि मी पोट धरून हसलो.

यंदाच्या जूनमध्ये एका पहाटे मी बॅगेचा तळ उपसला. आईने कधी कोंबलं होतं कोण जाणे, चॉकलेटी रंगाचं, कोपरावर रफू केलेलं. त्याला आधी नीट इस्त्री केली. फाटकाशी वॉचमन हात चोळत उभा होता.

"शिकामू, म्वालिमू. बारिदी!" म्हणजे थंडी.

"मराहाबा," मी म्हटलं, "बारिदी साना," आणि बटणं गळ्यापर्यंत लावली. आईला अजून सांगितलेलं नाही.