विश्वासार्ह संगणकाची निवड

मराठी घरात संगणकाची खरेदी दहावी-बारावीच्या निकालापाठोपाठ येते. निवडीचा अधिकार ‘कॉम्प्युटर केलेल्या’ पुतण्याकडे जातो. पैसे मोजणाऱ्याला एकच प्रश्न विचारण्याची मुभा असते : बॅग फुकट आहे ना?

पहिली पाहणी स्टिकरची. लॅपटॉपवर तळहात टेकतो तिथला ‘आय-सेव्हन’ लग्नाच्या बायोडेटातल्या ‘वेल सेटल्ड’सारखा वाचला जातो, पुढे खोदून विचारणे शिष्टाचारात बसत नाही. विचारलेच, तर २०१६ चा आय-सेव्हन ७५००यू दोन कोअरचा निघतो आणि २०२२ चा आय-थ्री १२१५यू सहा कोअरचा. पिढी सांगणारे आकडे ‘सेव्हन’नंतरच्या डॅशच्या पुढे असतात, पण तिथवर वाचतो कोण? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (डॉ. भडकमकर मार्ग हे नाव पाटीपुरते) असा ‘रीफर्बिश्ड’ आय-सेव्हन स्वस्तात मिळतो. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे दारात उभे करत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हे सांगायचे काम विक्रेता पुतण्यावर सोडतो आणि पुतण्या यूट्यूबवर.

टिकाऊपणा स्टिकरवरून कळत नाही. तो बिजागरीत असतो. घट्ट बिजागरी आणि तिला धरणारे पातळ प्लॅस्टिक अशी जोडी असली, की झाकण उघडता-मिटता स्क्रू एक दिवस प्लॅस्टिकसकट उपटून येतात. दुकानात मात्र सगळे कीबोर्डच्या रंगीत दिव्यांकडे पाहत असतात. ‘रॅम नंतर वाढवू’ हेही ठरलेले वाक्य. ती मदरबोर्डवर सोल्डर केलेली असेल, तर ते ‘नंतर’ म्हणजे पुढचा लॅपटॉप.

डेस्कटॉप असेंबल करणारा स्वतःला यातून सुटलेला समजतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर तो हात सैल सोडतो आणि काटकसर करतो ती वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर, म्हणजे जो जळताना मदरबोर्डलाही सोबत नेऊ शकतो त्याच भागावर.

उरली वॉरंटी. ती बहुधा एका वर्षाची असते. ‘ऑनसाइट’ असेल तर माणूस घरी येतो, नसेल तर यंत्र सर्व्हिस सेंटरला न्यायचे. तालुक्याच्या गावी ते बहुधा नसतेच. कीबोर्डवर सांडलेला चहा साध्या वॉरंटीत बसत नाही. त्यासाठी वेगळे पैसे भरून अपघाती नुकसानीचे संरक्षण घ्यावे लागते. ते ‘कशाला उगाच’ म्हणून नाकारले जाते आणि वाचलेल्या पैशांत लुकलुकणारा वायरलेस माउस येतो.