रेडीमेड जिना? अगं, थांब जरा!

अगं, इकडे ये. तिकडून नको, तारेत पदर अडकेल. काय गं, जिना रेडीमेड आणताय म्हणे? सकाळी मोहोपाड्यात भाजी घेताना दोघींनी मला विचारलं. म्हटलं, मी काय त्यांच्या घरात राहते?

पण आता विचारतेच. फोनवर बघितलात ना? दिसतो छान, नाही कशाला म्हणू? पायऱ्या एकसारख्या, सकाळी ट्रकमधून उतरला की संध्याकाळी चढून जा. सिडकोने नाही का बामणडोंगरीला 2022 मध्ये 96 दिवसांत 96 घरं उभी केली, तीही बाहेर ओतलेले भाग आणूनच. पण बाई, तिथे बारा मजले. साचा एकदा केला की माल निघतच राहतो, खर्च सगळ्या मजल्यांवर पांगतो. तुझा मजला एकच. तुझ्या मापाचा साचा केला तर तो सगळा तुझ्याच बोडक्यावर, आणि त्यांच्या मापाचा घेतलास तर स्लॅबची उंची त्यांच्या मर्जीने ठेवायची.

बरं, सिमेंटचा तो एकेक तुकडा टनाच्या पुढे भरतो. हायड्रा क्रेन लागणार. पाताळगंगा एमआयडीसीमुळे आपल्याकडे हायड्राला तोटा नाही, पण अर्ध्या तासाच्या कामाला अर्ध्या तासाचं भाडं कोण घेतं? शिवाय आपल्या गल्लीत वर विजेच्या तारा. आणि स्लॅब पडल्यावर जिना आत घालणार कुठून? तो आधीच बसवायला हवा.

आता मिस्त्रीने जागेवर ओतायच्या जिन्याचं घे. तीन फूट रुंद जिन्याला माल किती? दहाएक गोणी सिमेंट, शंभरेक किलो सळई. सिमेंटचा जीएसटी 2025च्या सप्टेंबरात 28 वरून 18 टक्क्यांवर आला म्हणून तुझे मिस्टर खूश होते, पण दहा गोण्यांत वाचून वाचणार किती? पैसा जातो सेंटरिंगला. तिरक्या फळ्या, खाली टेकू, पायरीगणिक आडवी फळी. सुतार दोन-तीन दिवस तिथेच अडकतो, आणि टेकू निघेपर्यंत खालची जागाही अडलेली. पण तोच जिना दुसऱ्या दिवसापासून नाही तरी फळ्या निघाल्यापासून राबायला लागतो. विटा, रेती, लाद्या, सगळी घमेली त्यावरूनच वर. रेडीमेड लाकडी घेतलात तर तो बसवायचा सगळ्यात शेवटी. तोवर शिडी आणि परांचीचे पैसे कोण देणार?

मिस्त्रीवर डोळे मिटून सोडू मात्र नकोस हं. दहा फूट म्हणजे 120 इंच, सात इंचाने सतरा पायऱ्या. तो कच्च्या स्लॅबपासून मोजतो. मग खाली-वर भर घालून लादी बसते, पायरीवर नुसता पातळ ग्रॅनाइट, की पहिली पायरी बुटकी आणि शेवटची उंच. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा वरच्या पायरीला अडखळतो. लादीची लेव्हल आधी भिंतीवर मारून घे.

लोखंडी जिना? तो बाहेरून घेतलास तर मी काही म्हणणार नाही. आमचे हे एचओसीच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते, हयात तिथल्या लोखंडी जिन्यांवरून चढण्या-उतरण्यात गेली. कारखान्यांचे प्लॅटफॉर्म करणारे फॅब्रिकेटर इथेच आहेत, आपल्या मापाने करून देतात, उद्या नको झाला तर नटबोल्ट सोडून काढता येतो. भाव किलोवर असतो, तेव्हा काट्यावर समोर उभी राहा. फक्त आपला पाऊस बघता रेडऑक्साइड आणि रंगाचा खर्च दर दोन-तीन वर्षांनी धरून चाल. आणि रात्रपाळीचा भाडेकरू दोन वाजता चढला की टण्‌ टण्‌ ऐकायचं.

म्हणजे वरच्या खोल्या भाड्याने देणार की नाही, ते आधी ठरवा. घरच्यांसाठीच असतील तर आतून काँक्रीटचा, भाडेकरू ठेवायचे तर बाहेरून लोखंडी. देणार असलात तर मला आधी सांग हं. माझ्या भाच्याच्या कंपनीतली दोन मुलं खोली शोधताहेत, डिपॉझिट रोख देतात.