कानवाले काका

सोसायटीचा सेक्रेटरी झालो त्याच आठवड्यात पहाटे साडेपाचला पंपाच्या खोलीत मला एक गृहस्थ दिसले. मोटर चालू होती. अंगात बनियन आणि हाफ पँट, गुडघे टेकलेले, डोळे मिटलेले. हातभर लांबीच्या पेचकसाचं टोक मोटरच्या अंगाला आणि मूठ कानाशी. मला वाटलं चक्कर आली. खांद्याला हात लावला, तर पूजेला बसलेला माणूस दारातल्या गॅसवाल्याला करतो तशी 'थांबा' ही खूण मिळाली. मिनिटभराने डोळे उघडले.

"मागचं बेअरिंग. ग्रीस संपलंय. अजून बोंबलत नाही, नुसतं कण्हतंय. महिना काढेल."

बाविसाव्या दिवशी मोटर बसली. काका हळहळले. "तसे तीनच आठवडे वाटले होते हो. पण तुम्ही नवीन सेक्रेटरी, म्हणून भिडेखातर आठवडा वाढवून दिला."

असली माणसं नव्या मुंबईत नेरुळ, वाशी, ऐरोली, कोपरखैरणे अशी सगळीकडे सापडतात. तुर्भे-पावणे-महापे-रबाळे या पट्ट्यातल्या कारखान्यांनी एक अख्खी पिढी पोसली आणि मग निवृत्त करून आमच्यासारख्या सोसायट्यांत सोडून दिली. कुणी वेल्डर होता, कुणी बॉयलरवर. आमचे काका एका केमिकल प्लँटमध्ये मेन्टेनन्सला फिटर. चौतीस वर्षं त्यांनी स्टीम ट्रॅपना, म्हणजे वाफेच्या लाइनीत साचलेलं पाणी तेवढं बाहेर सोडणाऱ्या झडपांना, पेचकस लावले. ट्रॅप धड असेल तर थांबून थांबून 'टक' करून मिटतो, आणि बिघडला की अखंड सुस्कारत राहतो, म्हणजे मालकाची वाफ फुकट चालली. अशा दोनशे ट्रॅपांची विचारपूस करत फिरायचं, ही नोकरी. निवृत्तीनंतर त्यांच्या वाट्याला आमच्या सात मजल्यांचे नळ आले.

हत्यारं साधी. पहिला मान पेचकसाचा. मूठ कानाच्या भोकात घालायची नाही, भोकापुढच्या हाडावर टेकवायची, असा त्यांचा सक्त नियम. दुसरी, बहिणीच्या डॉक्टर मुलाकडून ढापलेली स्टेथोस्कोप. तिची थाळी काढून तिथे सायकलची आरी बसवलेली. तिसरी, गॅसच्या नळीसारखी रबरी नळी. तिचं एक टोक कानाशी धरून दुसरं हवेत फिरवलं की सूं सूं कुठून येते ते कळतं. सिलिंडरची गळती शोधायला मात्र ते साबणाचा फेसच वापरतात. "तिथे कान नेऊ नये," म्हणतात, आणि हे एवढं एकच वाक्य त्यांनी माझ्या बायकोला पटवलं आहे.

स्टेथोस्कोपची जन्मकथा त्यांना तोंडपाठ. 1816 साली पॅरिसमध्ये लायनेक नावाच्या डॉक्टरपुढे एक तरुण, स्थूल बाई आली. छातीला कान लावायचा संकोच वाटला, म्हणून त्याने कागदाची गुंडाळी करून तिच्यातून ऐकलं. पुढे तिचीच लाकडी नळी झाली. काकांच्या मते लाजेतून निघालेला हा जगातला एकमेव उपयुक्त शोध. पण खुद्द त्यांना कशाची लाज नाही. रिक्षात बसले की रिक्षावाल्याला सांगतात, "टॅपेट वाजतंय," आणि भाडं देताना पुन्हा सांगतात.

त्यांचे कान मात्र गेलेले आहेत. कॉम्प्रेसरच्या गदारोळात वर्षानुवर्षं उभं राहिलं की आधी उंच पट्टीचे आवाज जातात, खर्ज शाबूत राहतो. म्हणून काकांना दाराची बेल ऐकू येत नाही, मोबाइल ऐकू येत नाही, बोलण्यातले स आणि श गळून पडतात. काकू "अहो, साखर संपली" म्हणतात, तेव्हा काकांपर्यंत काहीतरी अखरअंपली पोचतं आणि ते "कुठला पंप?" असं विचारतात. पण जमिनीखालच्या टाकीवरचा पंप खडी चघळल्यासारखा गुरगुरू लागला, तर चौथ्या मजल्यावर ताटावरून उठतात. "पाणी ओढताना उपाशी राहतोय, फूट व्हॉल्व्ह बघा." बघावं तर तिथे खरंच प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली.

गळतीचा दौरा रात्री. शेवटची पनवेल लोकल गेल्यावर आणि पहिली यायच्या आत. तेवढाच काय तो नव्या मुंबईला श्वास. मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्यात गाळून आमच्या टाकीत येतं. बिल वाढलं की काका घागरभर पाण्याचा हिशेब मागतात आणि मला टॉर्च धरायला उठवतात. पाइपमधून पाणी दाबाने फटीतून सुटतं तेव्हा पाइपच थरथरतो आणि ती थरथर लोखंडातून लांबवर धावते. मुंबईत पालिकेची माणसंही याच हिशेबाने रात्री लांब सळई टेकवून तिला कान लावत हिंडतात. एकच अट, पाइपात त्या वेळी पाणी हवं. कोरडा नळ कुणाशी बोलत नाही.

इथवर सगळं सोसायटीच्या फायद्याचं होतं. घोटाळा असा की गळती ऐकायला गेलेल्या कानाला बाकीचंही ऐकू येतं. जिन्याच्या डक्टमधली जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, जुनी लाइन म्हणजे काकांचं वर्तमानपत्र. सहाव्या मजल्यावरचे सद्गृहस्थ आंघोळीला दोन बादल्या घेतो सांगतात आणि चार घेतात. दुसऱ्या मजल्यावर नवरा-बायकोचं भांडण झालं की नळ धाडकन बंद होतो आणि अख्खी लाइन हातोडा मारल्यासारखी दणकते. आठवड्यात तीन हातोडे पडले, तेव्हा काका त्या नवऱ्याला जिन्यात गाठून म्हणाले, "वॉशर जाईल हो. जरा समजुतीने घ्या." पाचव्या मजल्यावरच्या पेन्शनर बाईंना तर त्यांनी लिफ्टमध्ये, चारचौघांत विचारलं, "पोट बरं आहे ना? पहाटे तीनला तिसऱ्यांदा फ्लश झाला." बाई तीन दिवस जिन्याने गेल्या.

माझा स्वतःचा अनुभव असा, की त्या काळात मी दात घासतानाही नळ सौम्यपणे उघडत असे.

मग वार्षिक सभेत जीआय काढून सगळीकडे प्लॅस्टिकचे पाइप टाकायचा ठराव आला. जीआय गंजला होता, पाणी तांबूस येत होतं, विरोध करण्यासारखं काहीच नव्हतं. काका उभे राहिले. प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होतं, सांधे सुटतात, उंदीर कुरतडतात, असं बरंच बोलले. कोणी ऐकेना, तेव्हा आवाज उतरला. "आणि प्लॅस्टिक मुकं असतं हो. दोन हातांवर गळत असेल तरी कळू देत नाही."

सभेत एकदम शांतता पसरली. पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, "माझा ठरावाला पूर्ण पाठिंबा." त्या हातापाठोपाठ बाकीचे सगळे हात वर गेले. आमच्या सोसायटीत एकमताने मंजूर झालेला हा पहिला ठराव.

पाइप बदलले. दोन महिन्यांत पार्किंगमध्ये ओल दिसली. काकांनी पेचकस लावला, स्टेथोस्कोप लावली आणि ठामपणे एका वळणावर खडूची फुली मारली. तिथली फरशी फोडली, कोरडी ठाक. गळती निघाली सहा फुटांवर. फोडलेल्या फरशीचे पैसे सोसायटीने भरले. काका आठवडाभर पंपाच्या खोलीत फिरकले नाहीत. पेचकस काकूंनी माळ्यावर टाकला, असं कानावर आलं.

मग एका रात्री डक्टमध्ये ठणठण ऐकू आली. जाऊन पाहिलं तर काका आगीच्या लाल लायनीवर पेचकसाच्या मुठीने ठोकत होते. इमारतीत लोखंडाची म्हणून तेवढीच उरली आहे. एकदा ठोकायचं, कान लावायचा, एक मजला चढायचा.

"सेक्रेटरी, भरलेला पाइप बद्द वाजतो. ही तळापासून वरपर्यंत घंटेसारखी वाजतेय."

दुसऱ्या दिवशी फायरवाल्याला बोलावून व्हॉल्व्ह उघडला. आत थेंब नव्हता. ऑडिटच्या कागदावर ती लाइन गेली चार वर्षं भरलेली होती.