परमिट खिशात, पोरगा घरात

"काकू, कढीपत्त्याच्या दोन काड्या द्या हो. आणि समोरच्या नानांचा मुलगा अजून इथंच कसा? परवा टोरांटोला निघाला होता ना?"

"अगं, मुंबई विमानतळावरून परत आला! ह्या घे, कोवळ्या बघून काढल्यात. सामान द्यायच्या काउंटरवरच अडवलं. व्हिसा संपलाय म्हणे."

"नोकरी गेली की काय?"

"कसली जातेय! वर्क परमिट चांगलं चालू आहे. तिथल्या तिथे वाढवून घेतलं होतं. पण परमिट वाढलं म्हणून व्हिसा आपोआप वाढत नाही. पहिल्या वेळी दोन्ही बरोबरच मिळालं, त्यामुळे पठ्ठ्याने पुन्हा बघितलंच नाही. नानांनी कागद दाखवला मला. परमिट म्हणजे सुटा कागद, आणि त्यावर इंग्रजीत चक्क छापलंय, की एवढ्यावर देशात पुन्हा प्रवेश मिळणार नाही. व्हिसाचा स्टिकर पासपोर्टात असतो. त्याची तारीख फेब्रुवारीतच उलटलेली."

"मग तेव्हापासून राहिला कसा तिथे?"

"राहायला, नोकरी करायला परमिट पुरतं गं. व्हिसा लागतो तो आत शिरताना. भाडेकरार तुझ्या नावावर असला, तरी फाटकाची किल्ली नसेल तर बाहेरच उभी राहशील ना?"

"पण मे महिन्यात तो बहिणीकडे अमेरिकेला जाऊन आला की! तेव्हा कुणी हटकलं नाही."

"तिथेच तर फसला! कॅनडातून फक्त अमेरिकेला गेलं, तिथूनच थेट परतलं आणि परमिट चालू असलं, तर संपलेला व्हिसा चालतो. नियमच आहे तसा. पण मध्ये भारतात आलं की सवलत गेली. मग अमेरिकेमार्गे परत जाऊनही उपयोग नाही."

"विमानकंपनीने न्यायचं तरी. पुढचं त्याने निस्तरलं असतं."

"ती बरी नेईल! कागद अपुरे असलेला प्रवासी नेला, तर त्याला परत आणायचा खर्च तिच्याच गळ्यात, वर दंड."

"मग आता?"

"ऑनलाइन अर्ज केलाय. फी 100 कॅनेडियन डॉलर. बोटांचे ठसे 10 वर्षं चालतात, तेवढी कटकट वाचली. मंजुरी आली की पासपोर्ट पाठवायचा आणि स्टिकर लागून येईपर्यंत वाट बघायची. साहेबाने रजा वाढवलीये, पण बिनपगारी. हाच अर्ज निघायच्या आधी तिथूनही करता आला असता."

"नानींच्या जिवाला घोर लागला असेल."

"घोर? तोंडाने हळहळते, पण काल पुरणपोळ्या, आज अळूवड्या! पोरगा आयताच हाती लागलाय."

"आमचा भाचाही तिकडेच आहे हो. डिसेंबरात लग्नाला येतोय."

"मग आजच फोन कर त्याला. परमिट नको दाखवू म्हणावं, पासपोर्टातल्या स्टिकरची तारीख वाच. उलटली असेल तर अर्ज तिथूनच कर, नवा स्टिकर हातात घे आणि मगच तिकीट काढ."