चाळीस मिनिटांत बन

कोथरूडपासून सहकारनगरपर्यंत, पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत एक तरी बनकाका असतातच. बँकेतून निवृत्त, सकाळी तळजाईला जाऊन आलेले, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणारे. २०२० च्या टाळेबंदीत पाव मिळेना म्हणून त्यांनी घरी बन करायला घेतला. बाकीच्यांचं ते वेड पावसाळ्यापर्यंत उतरलं. काकांचं मात्र अजून फुगतंच आहे.

दावा एकच. "चाळीस मिनिटांत बन!"

इथे नवख्याने घड्याळाकडे बघू नये. मिनिटं कुठल्या खात्यात टाकायची हे काका ठरवतात. यीस्ट फेसाळायचा वेळ 'पूर्वतयारी'त जातो, ओव्हन तापायचा 'विजेच्या नावे'. पीठ फुगतं तेव्हा माणूस काहीच करत नसतो, मग तो वेळ धरायचा कशाला? बन जाळीवर निवायला लागणारा वेळ खाणाऱ्याच्या संयमावर. एवढी वजावट झाली की बरोब्बर चाळीस उरतात.

कृतीत खोट नाही, हे कबूल करायला हवं. अर्धा किलो मैद्याला एरवी एक चमचा यीस्ट पुरतं, काका दोन घालतात. साखर थोडी सढळ, दूध कोमट. पीठ दोनदा फुगवण्याऐवजी मळून दहा मिनिटं झाकायचं, लगेच गोळे वळायचे आणि एकदाच फुगू द्यायचे. सावकाश आंबलेल्या पिठाला जी चव येते ती याला येत नाही, पण हा मुद्दा काकांसमोर काढू नये. काढलात तर दुपार गेली.

दूध किती कोमट, यासाठी त्यांनी थर्मामीटर आणला आहे. "साठ अंशांना यीस्ट मरतं," असं ते शोकसभेतल्या आवाजात सांगतात. काकू तोवर करंगळी बुडवून "झालंय" म्हणून मोकळ्या होतात. काका तरीही आकडा बघतात, आकडा काकूंच्या बाजूने पडतो, आणि थर्मामीटर किती अचूक आहे हे आपल्याला ऐकावं लागतं. (काकूंचं इडलीचं पीठ लग्नापासून रोज रात्री मुकाट्याने फुगत आलंय. त्याचं कौतुक करायला सोसायटीतून कधी कोणी वर आलेलं नाही.)

मळून झालं की परीक्षा. पिठाचा तुकडा दोन्ही हातांनी ताणून काका तो ट्यूबलाइटसमोर धरतात. पातळ पडदा होतो, फाटत नाही. "पलीकडचं दिसतंय का? याला म्हणतात ग्लुटेन!" पलीकडे काकू दिसतात. ओटा कधी रिकामा होतोय याची वाट बघत उभ्या असतात.

बन भाजायला लागतात पंधरा मिनिटं, आणि तेवढ्या वेळात इतिहास होतो. १८९० साली याच पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून केवढं ग्रामण्य झालं, टिळक-रानडेसुद्धा त्यातून सुटले नाहीत. आणि आज बघा, सदाशिव पेठेत जन्मलेला माणूस घरात पाव भाजतोय! सव्वाशे-दीडशे वर्षांची समाजसुधारणा शेवटी आपल्या ओटीजीत येऊन पोचली, असा एकूण सूर. गावातल्या बेकऱ्यांना ते वाईट म्हणत नाहीत, नुसती दाद देतात. "कयानी? १९५५ पासून तेच करतायत, मग जमणारच." "गुडलकचा बनमस्का? मस्का छान असतो."

रविवारी मिसळीला बोलावतात तेव्हा खरी पंचाईत. मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड की पाव, हा वाद पुण्यात भल्याभल्यांना मिटवता आलेला नाही. काकांकडे तो उद्भवतच नाही, कारण बन येईपर्यंत मिसळ संपलेली असते. मग काका बन उलटा धरून बुडावर टिचकी मारतात. "ऐका, पोकळ आवाज! म्हणजे आतपर्यंत भाजलाय." आपण भरल्या पोटी आवाज ऐकतो. लोणी लावून खाल्ला तर बन खरंच बरा असतो, हे रागाच्या भरात सांगायचं राहून जातं.

मग हिशेब. मैदा, यीस्ट, दूध, लोणी, वीज असं सगळं पाठकोऱ्या कागदावर मांडलेलं. "बेकरीपेक्षा स्वस्त पडतो," काका जाहीर करतात.

"त्यात ओव्हन धरलाय?" काकू सिंकपाशी पाठमोऱ्या. परातीला वाळून बसलेला मैदा नखाने खरवडत असतात.

"अगं, ते भांडवल आहे."

"आणि माझी मजुरी?"

"तू कुठे हात लावतेस? सगळं तर मीच करतो."

खरवडणं क्षणभर थांबतं. काका चष्मा लावतात, कागद जवळ ओढतात आणि विजेची युनिटं पुन्हा मोजायला घेतात.