शंकानिरसन : होय

प्रथम वर्षाला 'कमवा आणि शिका'मध्ये नाव घातलं. वाटणीत काही जणींना ग्रंथालय मिळालं, काहींना बाग आणि मला विद्वत्ता. म्हणजे 'सहाध्यायी मार्गदर्शक' हे पद. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली मुलं अंगमेहनत करून शिकली. त्या थोर परंपरेत मी तासाच्या मानधनावर तोंड चालवणार होते. विषय इंजिनिअरिंग ग्राफिक्स. पहिल्या संध्याकाळी ओढणीला पिन लावून, खोकून घसा साफ करून, दोन विनोद पाठ करून मी होस्टेलच्या अभ्यासिकेत बसले. दहापर्यंत बसले. विनोद अजून शिल्लक आहेत.

कारण माझा प्रतिस्पर्धी माझ्या आधीच रुजू झाला होता : काच.

ज्यांच्या घरात एकही इंजिनिअर नाही असं एखादं कुटुंब महाराष्ट्रात उरलं असेल तर त्यांच्यासाठी सांगते. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर काच आडवी ठेवायची, खाली टेबललॅम्प, काचेवर कुणाची तरी पूर्ण झालेली शीट, तिच्यावर आपली कोरी. खोलीतला दिवा घालवला की खालच्या रेघा वर उमटतात. त्यांवरून पेन्सिल फिरवायची. डोकं वेगळीकडे ठेवता येतं. आमच्याकडे बहुतेक जणींचं मोबाइलवर असे. पण ही कला वाटते तितकी सोपी नाही. शीट जाड, त्यामुळे दिवा फार लांब ठेवला तर रेघ दिसत नाही आणि फार जवळ ठेवला तर काच तापते. क्लिपा सुटून कागद केसभर जरी सरकला तरी शंकूचं टोक शंकूला सोडून जातं. आणि खरी मेख वर्तुळात. गिरवलेल्या वर्तुळाच्या मध्यभागी कंपासचं भोक नसतं. मुरलेले सर शीट हातात घेतात, चित्राकडे बघतही नाहीत, उलटी करून भोक शोधतात. म्हणून मुरलेल्या मुली आधी वर्तुळ गिरवतात आणि मग मध्यभागी कंपास टोचतात. विद्येची ही एवढी एक खूण आम्ही सगळ्यांनी निष्ठेनं सांभाळली. काच आली कुठून? नोटीस बोर्डाची. 'ट्रेसिंग करताना आढळल्यास कारवाई होईल' ही सूचना त्याच बोर्डावर वर्षभर बिनकाचेची फडफडत होती.

आता मूळ दुखण्याकडे येते. काचेवर खाली जी शीट असायची, ती माझी. माझ्याकडे शिकायला कुणी फिरकत नव्हतं, पण माझ्या शीटखाली दिवा लावून बाहेर जिन्यापर्यंत रांग लागत होती. मला संताप यायला हवा होता. मी मात्र रांगेच्या कडेनं सावकाश चालत जायची, कुणी 'काय रेघ आहे गं तुझी!' म्हणेल या आशेनं. एकीनं तर टायटल ब्लॉकमधलं माझं नावसुद्धा इमानेइतबारे गिरवलं. सरांनी तिला फैलावर घेतलं आणि मला चार दिवस चढून होती.

सबमिशन संपून लेखी परीक्षा दिसू लागली तेव्हा शिष्या आल्या. मी तयारच होते. गास्पार मोंज नावाच्या फ्रेंच गणितीनं अठराव्या शतकात मेझियेरच्या लष्करी विद्यालयात या भूमितीचा पाया घातला. तिथं तोही आधी आराखडे काढायचा आणि मग मुलांचा अभ्यास घ्यायचा, हे वाचल्यावर आमच्यातलं साम्य मी आईला फोन करून कळवलं होतं. लष्करानं ती विद्या बरीच वर्षं गुपित ठेवली. मोंजचं पुस्तक आलं १७९९ साली. फ्रेंचांनी आणखी थोडा दम धरला असता तर आमची सबमिशनं वाचली असती. ते असो. आपल्याकडे फर्स्ट अँगल. वस्तू डोळ्याच्या आणि प्रतलाच्या मध्ये, म्हणून वरून दिसतं ते खाली काढायचं आणि डावीकडून दिसतं ते उजवीकडे. अमेरिकेत थर्ड अँगल, तिथं वरचं वरच. हे सगळं मी दोन्ही हात हवेत फिरवून सांगे, आणि समोरच्या साऱ्या जणी एका सुरात म्हणत, "कळलं."

ऑफिसनं मला एक रजिस्टर दिलं होतं. शंका, निरसन झाले काय, सही. दुसऱ्या रकान्यात मी आधीच खालपर्यंत 'होय' लिहून ठेवलं होतं.

त्या 'कळलं'ची चीड यायला मला उशीर लागला. बारावीची दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी क्लासमध्ये काढली होती. तिथं शंकांचा तास वेगळा असे, आणि त्या तासाला जो जाई तो 'ढ' ठरे. फी भरून आम्ही न विचारायला शिकलो होतो. सरांना कळलं म्हणायचं, आईबाबांना चाललंय म्हणायचं, आणि आता या बिचारीचं मन कशाला मोडा, म्हणून मलाही कळलं म्हणायचं. शिकवत मी होते, सांभाळून त्या घेत होत्या.

सांभाळून घेत नसे ती फक्त उदगीर. आमच्याकडे गावाच्या नावानंच हाका मारत. ती काचेपाशीही गेली नाही. मेसमधून गाजर उचलून आणायची, आडवं कापून वर्तुळ, तिरपं कापून लंबवर्तुळ, बाजूला समांतर कापून पॅराबोला. मेसच्या मावशी कोशिंबीर कमी का पडते म्हणून हैराण. एका रात्री पॅराबोला खात खात तिनं विचारलं, "जे दिसायलंच नाही, ते तुटक रेघेनं काढायलाव कशाला?"

"आत भोक आहे हे बनवणाऱ्याला कळायला नको का?"

"मग सेक्शनमध्ये कापून दाखवतातच की. दोनदा कशाला?"

"मार्क असतात त्याला," मी म्हणाले.

तिनं शांतपणे रजिस्टर ओढलं. पहिल्या रकान्यात अख्खा परिच्छेद लिहिला, माझं 'होय' खोडून 'नाही' केलं आणि सही ठोकली.

ऑफिसातल्या काकांनी चष्मा वर केला. "'नाही' चालत नाही इथं. बिल पास होणार नाही." उदगीर बदलायला तयार नव्हती. त्या तासाचं मानधन कापलं गेलं. मी तणतणत तिच्या खोलीवर गेले, तर म्हणाली, "बरोबरच केले की ते." मग कँटीनला नेऊन चहा पाजला, दोघींचे पैसे तिनंच दिले, आणि पहिला घोट घ्यायच्या आत टिश्यूपेपर माझ्यापुढं सरकवून म्हणाली, "हं, आता सांग. दोनदा कशाला?"